धागा : रोमँटिक कॉमेडीतला जिवलग मित्र निरोप्या का होऊन बसतो? (वेब मालिका, ६ भाग, ठाणे–ऐरोली)

ऐरोली_सेक्टर_आठ (धागाकर्ता)

मंडळी, सहा भागांची रोमँटिक कॉमेडी लिहून होत आलीय. एकेक भाग २२ ते २४ मिनिटांचा. अद्वैत ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला, वन आरकेत भाड्याने राहतो. रेवा नौपाड्यातली, फिजिओथेरपिस्ट, गोखले रोडवर क्लिनिक. पक्या हा अद्वैतचा कॉलेजपासूनचा मित्र, घणसोली गावठाणातला. रेवाची मैत्रीण जुई. वनलाइन (सीनवार गोषवारा) झाली, सीन ब्रेकअप झाला, चार भागांचे संवादही झाले. वाचनानंतर सगळ्यांचं एकच म्हणणं : पक्या गमतीशीर आहे, पण काढून टाकला तरी काही अडत नाही.

आणि ते खरं आहे. पक्या तीनच कामं करतो. 'मग, बोललास का तिच्याशी?' असं विचारतो, रेवाकडे जाऊन अद्वैतची बाजू मांडतो आणि वडापाव खातो. त्याच्यात जीव आणायचाय, पण त्याने मालिका खिशात घालायला नको. थेट आणि तांत्रिक सुचवा. मैत्रीवर निबंध नकोत.

दुसरा_ड्राफ्ट

आधी निदान करून घ्या. पक्याचे चारही भागांतले संवाद वेगळ्या फाइलमध्ये उतरवा, समोरच्याचे क्यू (त्याच्या आधीच्या ओळी) काढून टाका. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा : प्रश्न, माहिती, विनोद किंवा निर्णय. प्रश्न आणि विनोद मिळून निम्म्याच्या वर गेले तर पक्या म्हणजे अद्वैतच्या मनातलं बाहेर काढायला बसवलेला नळ आहे. तुमच्या फाइलमध्ये 'निर्णय' बहुतेक शून्य निघेल.

हे होतं त्याचं कारण असं. नायकाला काय वाटतंय ते प्रेक्षकाला कळायला हवं, निवेदन तर नको, मग समोर कोणीतरी बसवून प्रश्न विचारायला लावतात. प्रश्न काढा. त्या जागी पक्याला ठाम आणि निम्मं चुकीचं विधान करू द्या. 'बोललास का तिच्याशी?' ऐवजी 'तू बोललेला नाहीस, आणि तिचं लग्न ठरेपर्यंत बोलणारही नाहीस.' अद्वैतला ते खोडून काढावं लागतं आणि खोडताना मनातलं निघतं. माहिती तीच मिळते, पण आता सीनमध्ये दोन माणसं असतात.

मग निर्णय. सहा भागांत तीन पुरतात. पहिला स्वस्तातला, भाग १ : अद्वैतसाठी थाप मारतो. दुसरा महाग, भाग ३ : त्या थापेपायी पक्याचं स्वतःचं काहीतरी जातं, आणि अद्वैतच्या ते लक्षातही येत नाही. तिसरा नकार, भाग ५. नकार चौथ्यात आणलात तर पाचवा भाग पोकळ होतो, सहाव्यात आणलात तर मिटवायला जागा उरत नाही.

भागात १८-२० सीन धरले तर पक्या पाच-सहांत पुरे. त्यातला एक सीन अद्वैत नसताना हवाच. तो तुमच्याकडे चारही भागांत नसणार, पैज.

धागाकर्ता

पैज जिंकलात. एकही नाही.

तळ्याकाठी

वाचतेय. चांगला धागा आहे, 'आजकालच्या मालिका' या विषयावर नेऊ नका प्लीज.

सूत्रधार_घाणेकर_समोर

मित्राच्या पात्राची खरी अडचण विनोदात नसते, त्याला काय काय माहीत आहे यात असते. ज्या मित्राला सगळं माहीत आहे आणि जो सच्चा आहे, तो दोन वाक्यांत गैरसमज मिटवेल. तुमची मालिका तिसऱ्या भागात संपेल. म्हणून लेखक नकळत त्याला मठ्ठ करतो. पक्या वडापाव खात बसतो तो म्हणून.

ही अडचण जुनी आहे आणि कालिदासाने ती ज्या सफाईने सोडवली ती बघण्यासारखी आहे. शाकुंतलात दुष्यंत दुसऱ्या अंकात विदूषकाला, म्हणजे माधव्याला, शकुंतलेबद्दल सगळं सांगून बसतो. पुढे शापामुळे राजा तिला विसरणार आहे. पण शापाने विसरणार तो राजा, माधव्य नाही! तो आठवण करून देईल की. कालिदास काय करतो? आईच्या व्रताचा निरोप आणून माधव्याला राजधानीत धाडतो. पण हा बडबड्या अंतःपुरात बोलेल या धास्तीने जाता जाता राजा त्याला सांगतो, की ते सगळं थट्टेत बोललो, खरं धरू नकोस. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते त्याच्या जरा आधी त्याला रुसलेल्या राणीची, हंसपदिकेची समजूत काढायला पाठवलेलं असतं. सहाव्या अंकात राजा विचारतो, तू तरी तिचं नाव का काढलं नाहीस? तो म्हणतो, मी विसरलो नव्हतो, तूच थट्टा म्हणाला होतास. म्हणजे मित्र हजर, सच्चा आणि स्मरणशक्ती शाबूत, तरी गप्प. कारण नायकानेच त्याला गप्प केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हे मराठी रंगभूमीवर आणलं तेव्हापासून आपल्या प्रेक्षकाला ही युक्ती ठाऊक आहे.

दुसरी तऱ्हा शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकातली, नायक चारुदत्ताच्या मित्राची, मैत्रेयाची. मैत्रेयाला गणिका वसंतसेनेचं प्रकरण पहिल्यापासून पसंत नाही, तो चारुदत्ताला तसं तोंडावर सांगतो आणि तरी त्याचीच कामं करतो. वसंतसेनेने चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत ठेवलेले दागिने परत करायला तोच निघतो, वाटेत मित्रावर खटला भरल्याचं ऐकून थेट न्यायालयात धावतो, खोटा आळ घेणाऱ्या शकाराशी झोंबतो आणि त्या झटापटीत दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. चारुदत्तावरचा वसंतसेनेच्या खुनाचा आळ पक्का होतो. निष्ठेमुळेच घात. भाग ४ च्या शेवटाला असं काही बसतंय का बघा. पक्याने चांगुलपणाने केलेली एक गोष्ट नेमकी चुकीच्या जागी उघडी पडायला हवी.

तिसरी तऱ्हा किर्लोस्करांच्याच सौभद्र नाटकातल्या (१८८२) कृष्णाची. त्याला सगळं माहीत असतं आणि तो अर्जुनालाच पूर्ण पत्ता लागू देत नाही. ही मात्र पक्याला देऊ नका. असा मित्र नायकाहून मोठा होतो, आणि सौभद्रात ते चालतं कारण तिथे तो कृष्ण आहे.

ट्रान्सहार्बर_८_१२

कालिदास ठीक आहे हो. पण आज पक्याला राजधानीत पाठवून काय उपयोग, त्याच्याकडे फोन आहे. एक व्हॉइस नोट आणि खेळ खलास.

सूत्रधार_घाणेकर_समोर

बरोबर, म्हणून अंतराने नाही, कारणाने गप्प करायचं. चालणारी कारणं मोजकी आहेत. एक, नायकाने शपथ घातलीय. दोन, त्याला अर्धंच माहीत आहे आणि ते पूर्ण आहे असं त्याला वाटतंय. तीन, नायिकेनेही त्याच्यावर विश्वास टाकून काही सांगितलंय, आता कोणाकडे काही बोलला तरी एकाचा विश्वासघात. तिसरं सगळ्यात कसदार, कारण त्यात पक्या पहिल्यांदा कात्रीत सापडतो. फोनची बॅटरी संपणे, रेंज जाणे हे सहा भागांत एकदा माफ, आणि तेही विनोदासाठी. कथेची गाठ त्याच्यावर मारू नका.

एक तक्ता करा. डावीकडे कथेतली गुपितं, वर पात्रांची नावं, चौकटीत सीन क्रमांक : कोणाला कोणत्या सीनला कळलं. पक्याच्या रकान्यात दोन आकडे लिहा, कधी कळलं आणि कधी बोलला. दोन आकड्यांमध्ये चार-पाच सीनचं अंतर पडलं तर मधल्या प्रत्येक सीनमध्ये तो गप्प का आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असायला हवं. तसं नसेल तर प्रेक्षक 'अरे बोल ना' म्हणत वैतागतो आणि खापर नटावर फुटतं.

घणसोली_गावदेवी

पक्याबद्दल विचारायचंय. घणसोली गावठाणातला म्हणजे आगरी, बरोबर? आणि गमतीशीर म्हणजे तो 'गारी काढ, पानी दे' बोलतो आणि बाकीचे पुस्तकी मराठी बोलतात, असंच ना?

धागाकर्ता

हो, थोडं तसंच आहे. भाषेचा गोडवा म्हणून.

घणसोली_गावदेवी

गोडवा असेल तर तो फक्त हशाच्या जागीच का येतो? संवाद तपासा. गंभीर सीनमध्ये पक्या आपोआप प्रमाण मराठीत बोलत असेल तर तुम्ही बोली विनोदाला वापरताय. आमच्याकडे होतं ते वेगळं. घरात, आईशी, भावकीत आगरी. कॉलेजच्या मित्रांशी नवी मुंबईची सरमिसळ, अर्धी हिंदी. राग आला की परत आगरी. हा बदल कोणासमोर होतो ते ठरवा, विनोद त्याच्या त्याच्या जागी येईल. आणि संवाद गावातल्या माणसाकडून वाचून घ्या. ळ चा ल आणि ड चा र केला की आगरी होत नाही, वाक्याची चालच वेगळी असते.

दुसरं, तो गरीब आणि अद्वैत साहेब असं का? सिडकोची साडेबारा टक्के योजना माहीत असेल, नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना त्या प्रमाणात विकसित भूखंड परत देणारी. गावठाणातल्या कितीतरी घरांनी त्या भूखंडावर इमारती उभ्या केल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. अद्वैत ज्या वन आरकेत राहतो ती पक्याच्या घरची असू द्या. मित्रच घरमालकाचा मुलगा. भाडं थकलंय, पक्या वडिलांना काहीबाही सांगून वेळ मारून नेतोय. झाली ना निष्ठा? आणि तुमचा तो 'महाग निर्णय' पण इथेच आहे.

दुसरा_ड्राफ्ट

हे घ्याच. वर सांगितलेल्या तिसऱ्या भागाचा प्रश्न सुटला. नायकाला घर आणि मित्र एकाच दिवशी गमवायची भीती असेल तर पाचव्या भागातल्या नकाराला वजन येतं.

मात्र एक काळजी घ्या. पक्याचे वडील खलनायक करू नका. ते फक्त भाडं मागतायत.

तळ्याकाठी

जुईबद्दल कोणी बोलतच नाहीये. नायिकेच्या मैत्रिणीची अवस्था पक्याहून वाईट असते. पक्याला निदान विनोद मिळतात. जुईला 'रेवा, तू स्वतःशी खोटं बोलतेयस' हे वाक्य, कॉफीचा मग आणि शेवटच्या भागात पक्या मिळतो.

धागाकर्ता

खोटं कशाला बोलू, शेवटच्या भागात पक्या-जुई जमवायचा विचार होता.

तळ्याकाठी

काढून टाका. उरलेल्यांची जोडी लावली की दोघं इतके दिवस कथेत कशासाठी होते याचं उत्तर मिळतं, आणि ते असतं 'मोजणी पुरी करायला'. जमवायचंच असेल तर दुसऱ्या भागापासून पेरा, आणि पक्या-जुईचं जमणं अद्वैत-रेवाला अडचणीचं ठरलं पाहिजे. सहा भागांत त्याला जागा नाही.

त्याऐवजी जुईला मत द्या. तिला अद्वैत आवडत नाही, आणि तिची कारणं योग्य आहेत : तो वेळेवर येत नाही, पैशाबद्दल खरं बोलत नाही. ती रेवाला विरोध करते आणि तरी रेवासाठी उभी राहते. वरचा मैत्रेय जुईकडे सरकवा, पक्याला माधव्य ठेवा. दोघं दोन जातीचे मित्र झाले की एकाच सीनमध्ये समोरासमोर बसवता येतात.

कट_टू

पक्या रेवाच्या प्रेमात आहे असं मात्र करू नका. पहिल्यांदा वाचणारा प्रत्येक जण ते सुचवतो. तसं केलंत की मागची सगळी निष्ठा आशेपोटी होती असं वाटायला लागतं.

दुसरा_ड्राफ्ट

कट_टू यांना +१.

धागाकर्त्याने भाग ५ च्या सीन १४ चा कच्चा खर्डा मेलवर पाठवला होता, त्यांच्या परवानगीने इथे चर्चेला घेतो. मूळ असा :

अद्वैत : तू माझा मित्र आहेस ना? मग एवढं नाही करू शकत?
पक्या : मित्र आहे म्हणूनच सांगतोय. दर वेळी मीच तुला वाचवायचं का? कधी माझा विचार केलास?
अद्वैत : सॉरी यार.

पक्या इथे स्वतःच्या पात्राची समीक्षा वाचून दाखवतोय. सूत्रधारांनी दिलेल्या गप्प राहण्याच्या कारणांतलं तिसरं वापरून, घणसोली_गावदेवींची भाड्याची गोष्ट गृहीत धरून, असा एक नमुना :

(टपरीजवळ गाडी उभी. पक्या फडक्याने हेल्मेटची काच पुसतोय.)
अद्वैत : तिला एवढंच सांग, परवा रात्री मी तुझ्याकडे होतो.
पक्या : परवा रात्री मी घरी नव्हतो.
अद्वैत : तिला काय माहितीय?
पक्या : तीच होती बरोबर. आईला अ‍ॅडमिट केलं. रिक्षा मिळेना, तिने गाडी काढली.
(अद्वैत खिशातला फोन काढतो. बघतो.)
पक्या : आता नको बघूस. आता बरी आहे.
अद्वैत : मला सांगायचं तरी...
पक्या : भाड्याचं पप्पांना मी सांगितलंय, पंधरा तारखेपर्यंत. तिला तू सांग काय सांगायचं ते.

मित्र, मैत्री, विश्वास, सॉरी यातला एकही शब्द नाही. नकार शेवटच्या ओळीत आहे आणि त्याच ओळीत तो अद्वैतचं एक कामही करून आलेला आहे. 'कधी माझा विचार केलास' हे आता प्रेक्षक म्हणेल.

सूत्रधार_घाणेकर_समोर

छान. फक्त एक. परवा रात्री अद्वैत कुठे होता आणि फोन का उचलला नाही, हे प्रेक्षकाला या सीनच्या आधी माहीत हवं. तो खरंच वाईट वागला नसेल पण निष्काळजी असेल, तरच सहाव्या भागात परत येता येतं. फोन सायलेंट ठेवून रेवासाठी सरप्राइज रचत बसला होता असं काही. हेतू तिच्यासाठी, आणि त्याच वेळी ती त्याच्या मित्राच्या आईला घेऊन हॉस्पिटलात.

सजेशन_लाव

अभिनयाच्या बाजूने. पक्याची ऑडिशन घ्याल तेव्हा त्याला विनोदी सीन देऊ नका, सगळे तो बरा करतात. ज्यात त्याला दोनच ओळी आहेत आणि समोरचा दीड मिनिट बोलतोय असा सीन द्या, कॅमेरा त्याच्यावर ठेवा. या पात्राचं ऐंशी टक्के काम ऐकण्याचं आहे. ऐकताना मान डोलावत राहणारा नट नको, ते एडिटमध्ये कापता येत नाही.

वरच्या सीनमध्ये हेल्मेट पुसायचं काम नीट बांधून घ्या. 'तीच होती बरोबर' म्हणताना हात थांबतो की चालू राहतो ते ठरवा आणि प्रत्येक टेकला तसंच. चालू राहिला तर जास्त लागतं. आणि पॉज वाटत सुटू नका, तीन जागी थांबलात तर सीन रडका होतो. 'आता नको बघूस'च्या आधी एकच.

विनोदाच्या सीनमध्ये नट एकमेकांच्या ओळीवर चढून बोलतात, तसा वेग हवाही असतो. मास्टरमध्ये (सगळा सीन एकत्र दिसतो तो शॉट) चढू द्या. सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट) आणि क्लोजमध्ये (चेहऱ्याचा शॉट) मात्र क्यू स्वच्छ सोडायचा, समोरच्याचं वाक्य संपल्यावरच बोलायचं. क्लोजमध्ये दोन आवाज एकावर एक बसले तर ती ओळ तिथेच अडकते, दुसऱ्या शॉटवर नेता येत नाही. ओव्हरलॅप एडिटमध्ये तयार होतो.

कट_टू

एडिटच्या टेबलावरून दोन गोष्टी मागतो. पक्याचा क्लोज पूर्ण सीनभर घ्या, फक्त त्याच्या ओळींपुरता नको. वेळ नाही म्हणून त्याच्या चार ओळी तेवढ्या वेगळ्या घेऊन मोकळे होतात आणि मग त्याची रिअ‍ॅक्शनच सापडत नाही. टेक संपल्यावर कट न म्हणता आठ-दहा सेकंद चालू ठेवा, एकदा अद्वैतकडे बघून, एकदा रेवाच्या जागेकडे. ही सामग्री सोन्याची आहे.

रिअ‍ॅक्शन किती ठेवायची? आपण सेकंदाला २५ फ्रेमने काम करतो असं धरलं तर विनोदावर १२ ते १५ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास. त्याच्या पुढे गेलात की प्रेक्षकाला 'आता हसा' असं सांगितल्यासारखं होतं. प्रत्येक विनोदावर मित्राचं तोंड दाखवायची सवय तर मोडाच. दोन मिनिटांच्या सीनला दोनदा बस. सीन १४ मध्ये उलट : 'तीच होती बरोबर'वर पक्याकडे जाऊ नका, अद्वैतवर राहा, ओळ बाहेरून ऐकू येऊ द्या.

जाता जाता, लांबी पानांवर मोजू नका. पान म्हणजे मिनिट हा हिशेब इंग्रजी स्क्रीनप्लेच्या ठरावीक फाँटाचा आहे. देवनागरीत घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वरचा नमुना कामासकट मिनिटाच्या आत-बाहेर बसेल.

कॉलटाइम_६_३०

आता पैशाचं. पक्याचा रोल निर्माता आधी कापतो आणि त्याला कारण आहे. पाच-सहा सीन गुणिले सहा भाग म्हणजे तेहतीसेक सीन. ते सगळ्या शेड्यूलभर विखुरले तर पर-डेवर (दिवसाच्या मानधनावर) असलेला नट रोज बोलवावा लागतो. लेखकाने ठिकाणं आवरली तर तेच सीन सहा-सात दिवसांत बसतात. पक्याला तीन जागा द्या : इमारतीची गच्ची, टपरी, गाडी. चौथी हॉस्पिटल असेल तर ती कॉरिडॉर आणि बाकड्यावर आटपा, वॉर्ड नको.

गाडीवर चालतं संभाषण लिहू नका. दोघांना हेल्मेट घालावंच लागतं, चेहरे दिसत नाहीत, वाऱ्याने आवाज जातो, सगळं डबिंगला पडतं आणि विनोद तिथे मरतो. गाडी येऊन थांबते, हेल्मेट काढतात, मग बोलतात. तलावपाळीला संध्याकाळी सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच आवाज घेणं) विसरा, हॉर्न आणि गर्दी. तिथली वातावरणाची दृश्यं घ्या आणि बोलणं उपवनला सकाळी लवकर. ठाणे स्टेशनचे फलाट लिहिलेत तर रेल्वेची परवानगी, फी आणि वेळेची बंधनं आली. ट्रान्सहार्बर लोकल हवीच असेल तर एकच सीन लिहा आणि तो अद्वैत-रेवाला द्या, पक्यावर खर्च करू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : वन आरके पक्याच्या घरची, जुईला मत, जोडी रद्द, सीन १४ नव्या धर्तीवर. पक्याचे संवाद घणसोलीतल्या दोघांकडून वाचून घेणार. एक राहिलं. सहाव्या भागात पक्या परत कसा येतो? माफी मागायला लावायची नाही हे कळलं.

दुसरा_ड्राफ्ट

अद्वैतने पक्याच्या वडिलांसमोर जावं. पक्या नसताना. भाड्याबद्दल आजवर पक्याने सांगितलेल्या थापा स्वतःच्या नावावर घ्याव्यात आणि खोली गेली तर गेली म्हणून बसावं. पक्याला ते अद्वैतकडून कळू नये, आईकडून कळावं. म्हणजे 'अद्वैत नसतानाचा सीन' सहाव्यातही मिळाला. वडील खोली काढून घेतात की नाही ते तुम्ही ठरवा, मला घेतलेली जास्त आवडेल.

घणसोली_गावदेवी

पप्पा खोली काढून घेतील आणि जेवून जा म्हणतील. दोन्ही.

कॉलटाइम_६_३०

हा सीन आणि भाग ३ मधला वडिलांचा सीन एकाच दिवशी लावा, एकाच घरात. वडिलांचा शर्ट बदला, पक्याच्या आईच्या हाताला सहाव्यात सलाइनची पट्टी लागेल, त्यामुळे भाग ३ आधी शूट करा, चिकटपट्टीचा डाग राहतो.